नाव की वर्णन? : चित्रांची शीर्षके आणि कॅपिटल अक्षर

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी लिहिले होते : मोत्याचा डूल घातलेली मुलगी हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. हस्तलिखित वाचून एका स्नेह्याने विचारले, “कोण हो ही? तुमच्या नात्यातली का?” थट्टा रास्त होती. अवतरणचिन्हे द्यायला मी विसरलो होतो आणि त्यामुळे व्हर्मीरचे चित्र नाहीसे होऊन नुसती मुलगी उरली होती.

इंग्रजीत असा घोटाळा सहसा होत नाही. तिथे शीर्षकातील महत्त्वाच्या शब्दांचे पहिले अक्षर कॅपिटल असते. ‘मुलगी’, ‘मोती’ आणि ‘डूल’ या अर्थाच्या शब्दांना तो मान मिळतो, मधल्या अव्ययांना व उपपदांना नाही. डच भाषेत फक्त पहिल्या शब्दाला कॅपिटल पुरते. फ्रेंचमध्ये आरंभीचे उपपद, त्यापुढचे विशेषण आणि नाम यांना कॅपिटल देऊन बाकीचे शब्द लहान ठेवण्याची जुनी रीत आहे. जर्मनमध्ये तर एरवीही प्रत्येक नामाला कॅपिटल असते. एकाच चित्राच्या नावाचे चार भाषांत असे चार पोशाख.

पोशाख निराळे असले तरी काम एकच : हे वर्णन नसून नाव आहे, एवढे सांगणे. पण ते नाव कोणी ठेवले, हे कॅपिटल अक्षर सांगत नाही. ‘मोत्याचा डूल...’ हे नाव व्हर्मीरने दिलेले नाही. हेच चित्र पूर्वी ‘पगडीवाली मुलगी’ म्हणूनही ओळखले जाई. रेम्ब्रांटचे 1642 मधील ‘रात्रीचा पहारा’ हे याहून बोलके उदाहरण. कॅप्टन फ्रान्स बानिंक कॉक यांच्या नागरी पथकाचे हे समूहचित्र आहे. वॉर्निश व धूळ यांनी ते काळवंडले आणि पुढे अठराव्या शतकात हे नाव रूढ झाले. मुळात प्रसंग रात्रीचा नाहीच! पाहणाऱ्यांचा गैरसमज कॅपिटल अक्षरे लेवून कायमचा नाव होऊन बसला.

देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून आपले काम एकेरी अवतरणचिन्हांवर आणि वाक्यरचनेवर चालते. मला यात उणेपणा वाटत नाही. उलट, आपल्याला विचार करावा लागतो. वासुदेव गायतोंडे यांच्या अनेक चित्रांची नोंद ‘अनटायटल्ड’ अशी आढळते. इंग्रजीत त्या शब्दालाही कॅपिटल मिळते आणि नाव नसणे हेच नाव होते. मराठीत अवतरणचिन्हे न देता ‘गायतोंडे यांचे एक शीर्षकहीन चित्र’ असे सरळ लिहिता येते. हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घरच्या भिंतीवर आहे. हाताच्या आडोशाने ज्योत जपणारी, उजेडाने चेहरा उजळलेली स्त्री दिवाळीच्या सुमारास कॅलेंडरांवर आणि भेटकार्डांवर हमखास दिसते. बहुतेक लोक तिला ‘दिवा घेतलेली बाई’ म्हणतात आणि पुष्कळजण चित्र बेधडक राजा रविवर्म्याचे ठरवतात. रविवर्मा 1906 मध्ये वारले. हे जलरंगातील चित्र 1940 च्या दशकातले, सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्याचे नाव आपल्या बोलण्यातून गळाले आणि नुसते वर्णन उरले. वर्णनाला धनी नसतो. मग ज्याचे नाव अधिक मोठे, त्याच्या खात्यावर चित्र जमा होते.

म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. नाव असेल तर एकेरी अवतरणचिन्हांत. पहिल्या उल्लेखात चित्रकाराचे नाव आणि साल सोबत. नाव मागाहून लोकांनी दिलेले असेल, तर ‘या नावाने ओळखले जाणारे’ एवढे चार शब्द जास्त. यंदा ते दिव्याचे चित्र कुठे दिसले, तर शेजारच्या माणसाला हळदणकरांचे नाव जरूर सांगा.