मानमोडी की बर्ड फ्लू?

ठाकुर्लीच्या माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक बाई लाल झालेले डोळे चोळत आल्या. माहेरी, शहापूरकडच्या गावी, चार दिवसांत आठ कोंबड्या मेल्या होत्या. "मानमोडी आली होती, डॉक्टर. मीच उचलून ओढ्यात टाकल्या. मला काही होईल का?"

मानमोडी म्हणजेच राणीखेत. हा विषाणूजन्य रोग आपल्याकडे कायम मुक्कामाला असतो. कोंबडी धापा टाकते, हिरवट पातळ विष्ठा करते, मान मुरगळते. माणसाला त्यापासून बहुधा डोळे येण्यापलीकडे काही होत नाही. बाईंचेही डोळे आठवड्यात निवळले.

तरी मला काळजी वाटली ती वेगळ्याच कारणाने. बर्ड फ्लूमध्येही कोंबड्या अशाच पटापट मरतात. भारतात तो पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोलीतही. माणसाला तो क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. २०२१ साली दिल्लीत एक अकरा वर्षांचा मुलगा त्याने दगावला. नुसते पाहून हे दोन रोग वेगळे सांगता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणीच लागते.

रोग येतो कुठून? बाजारातून आणलेली नवी कोंबडी थेट जुन्या कळपात सोडणे, न विकलेले पक्षी परत आणणे, खुराड्यांतली दाटी, दुसऱ्या फार्मवरून आलेली गाडी, अंड्यांचे ट्रे आणि चपला, तसेच पाणवठ्यावरची रानबदके.

म्हणून मानमोडीची लस चुकवू नका. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी टोचून घ्यावी. नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. एकदम मरतुक झाली तर मेलेल्या कोंबड्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कळवले तर नुकसान होईल, ही भीती खरी आहे. पण बर्ड फ्लू ठरल्यास सरकार मारून टाकते त्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. तेव्हा उशीर करण्यातच तोटा.

चिकन नीट शिजवून खायला हरकत नाही. धोका ताटात नाही, आजारी पक्षी हाताळण्यात आहे. असा पक्षी हाताळल्यावर दहा दिवसांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांची हकिगत आधी सांगा.