आयएल-6चा निरोप अडवताना

मे 2021. टोसिलिझुमॅबच्या एका कुपीसाठी रुग्णांचे नातेवाईक शहरोशहरी फोन लावत होते. हे औषध विषाणूला मारत नाही. कोरोनाच्या काही गंभीर रुग्णांत प्रतिकारयंत्रणाच बेभान होते. इंटरल्यूकिन-6 (आयएल-6) हा निरोप्या रेणू रक्तात वाढत जातो, यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन बनवत सुटतं, फुप्फुसं सुजतात. टोसिलिझुमॅब हे प्रतिपिंड या निरोप्याच्या ग्राहीवर आधीच जाऊन बसतं. निरोप्या येतो, पण त्याची जागा भरलेली असते.

हैदराबादच्या नॅटको कंपनीच्या बॅरिसिटिनिब गोळीला त्याच महिन्यात आपत्कालीन मंजुरी मिळाली. ती पेशीच्या आत जॅक विकरं रोखते. निरोप दारात पोचला तरी केंद्रकापर्यंत जात नाही. हैदराबादच्याच हेटेरोच्या टोसिलिझुमॅबला मंजुरी मिळाली सप्टेंबरमध्ये. दुसरी लाट तोवर ओसरली होती, याची हळहळ अजून वाटते.

ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत टोसिलिझुमॅब मिळालेल्यांपैकी 28 दिवसांत 31 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 35 टक्के. बहुतेकांना स्टेरॉइड चालूच होतं. शंभरामागे चार जीव, हे थोडं नव्हे. मात्र प्रतिकारशक्ती दाबली की दडलेला क्षयही डोकं वर काढू शकतो. म्हणून दुसरा जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहूनच डॉक्टर सलाईन लावतात.