बोर्ड आणि बॉर्डर : एकाच घरातले शब्द

बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाजवळ येळ्ळूर आहे. गावात ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक उभा होता. लोकांच्या तोंडी तो ‘बोर्ड’. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तो हटवला गेला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, प्रशासनाने पुन्हा काढला आणि गावात लाठीमार झाला. वाद महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डरचा होता आणि तो पेटला बोर्डावरून. हे दोन्ही शब्द मुळात एकाच घरातले आहेत.

जुन्या जर्मानिक भाषांत ‘बोर्ड’सारखे दोन शब्द होते. एकाचा अर्थ फळी, दुसऱ्याचा कड. रूप सारखेच, त्यामुळे इंग्रजीत ते एकमेकांत मिसळले. फळीचे टेबल झाले आणि त्यावरचे जेवणही ‘बोर्ड’ ठरले. राहण्याजेवणाच्या सोयीला बोर्डिंग म्हणतात ते यातूनच. राजर्षी शाहूंच्या प्रेरणेने १९०१ मध्ये कोल्हापुरात निघालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगच्या नावात हाच शब्द आहे. टेबलाभोवती कारभारासाठी बसणारेही बोर्डच. लोकल बोर्ड आणि दहावीचे बोर्ड या शाखेतले. कपबोर्ड म्हणजे आधी पेले मांडायचे टेबल, कपाट नंतरचे.

कडेचा अर्थ जहाजावर टिकला. ऑनबोर्ड म्हणजे जहाजाच्या कडेच्या आत. सुकाणू उजव्या बाजूला असे, म्हणून ती बाजू स्टारबोर्ड. त्यातला ‘स्टार’ आकाशातला नव्हे, सुकाणू धरण्याचा. हाच कडवाचक शब्द फ्रेंचमध्ये गेला, तिथे ‘बोर्द्यूर’ झाला आणि बॉर्डर होऊन इंग्रजीत परतला. ‘बाउंडरी’ मात्र या घरातली नाही, ती वेगळ्या मुळाची.

म्हणजे बॉर्डर मुळात काठ. शहापूर-वडगावच्या साडीला असतो तसा, वस्त्रातच विणलेला. राज्यांची सीमा मात्र कागदावर आखली जाते. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा बहुतांशी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. तो अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

ज्या १९५६ सालाने ही रेषा आखली, त्याच सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० क आणले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी सोयी करण्याचे प्रयत्न राज्यांनी करावेत, असे ते सांगते. सीमा कुठे असावी हे न्यायालय ठरवेल. तोवर सीमाभागातल्या गावांच्या फलकांवर कन्नडशेजारी मराठीही असावी आणि मराठी शाळांचे वर्ग भरलेले राहावेत. यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. शासनाने ते करावे आणि आपण पालकांनी आपली मुले त्या शाळांत घालावीत.