लोकसमूहाचे स्वास्थ्य आणि सार्वजनिक आरोग्य : राजयक्ष्म्याच्या निमित्ताने

‘लोकसमूहाचे स्वास्थ्य’ आणि ‘सार्वजनिक आरोग्य’ हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत साध्य-साधनाचा भेद आहे. एखाद्या समूहात स्वास्थ्य किती आहे, ते कोणाच्या वाट्यास येते आणि कोणत्या कारणांनी घटते, हा विचार पहिल्यात येतो. ते राखण्यासाठी समाजाने व शासनाने संघटितपणे केलेले कार्य म्हणजे दुसरे.

हा विचार आपणांस नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात अग्निवेश विचारतो की, प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात? आत्रेयांचे उत्तर असे की, वायू, उदक, देश व काल हे भाव सर्वांस समान असतात. ते बिघडले की जनपद बिघडते. येथे व्यक्तीकडून समूहाकडे दृष्टी वळली आहे.

आता राजयक्ष्मा पाहू. साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही शोषाची चार कारणे आपण पाठ केलेली आहेत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला. तथापि जंतूचा संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांस हा रोग होत नाही. कुपोषणाने मात्र तो होण्याचा धोका वाढतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांस पोषक शिधा देऊन केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. पोषण हे समूहाच्या स्वास्थ्याचे कारण. तो शिधा घरोघरी पोहोचविणे हे सार्वजनिक आरोग्याचे कार्य.

या कार्यात आपला वाटा कोणता? काही वर्षांपूर्वी माझ्याकडील एका क्षयरुग्णास मी तपासणी करून शासकीय उपचारांस पाठविले, बलवर्धनासाठी रसायनही दिले. तो बरा झाला. त्याच्या घरी कोण खोकते आहे, हे मात्र मी विचारले नाही. पुढे त्याच्या मुलीस तोच व्याधी झाला. व्यक्तीची चिकित्सा झाली, घर निसटले.

क्षयरोग २०१२ पासून नोंदणीयोग्य व्याधी आहे. २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे देणाऱ्या औषध विक्रेत्यांवरही कळविण्याचे दायित्व आले. ही औषधे ‘एच-१’ परिशिष्टात असल्याने चिकित्सक, रुग्ण, औषध व मात्रा यांची नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. कित्येकांस ही केवळ कागदोपत्री कटकट वाटते. परंतु नोंद झालीच नाही, तर त्या घरी आरोग्यसेवक जात नाही, पोषणसाहाय्य मिळत नाही आणि त्या वस्तीत रोग किती आहे हेही कळत नाही.

म्हणून व्यवसायबंधूंस व औषध विक्रेत्यांस विनंती की, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करवावी, निदान झाल्यास ‘निक्षय’वर नोंद करावी, रसायनचिकित्सा पूरक ठेवावी, क्षयविरोधी औषधांच्या ऐवजी देऊ नये, आणि प्रत्येक क्षयरुग्णास घरातील माणसांविषयी व त्यांच्या आहाराविषयी विचारावे. आपल्या नोंदवहीतील एक ओळ हाच व्यक्ती आणि जनपद यांना जोडणारा दुवा होय.