शवागारातून अध्यक्षपदाकडे

चिलीचे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे. जन्म २६ जून १९०८. चिली विद्यापीठातून १९३३ मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी समाजवादी पक्षाच्या स्थापनेत उतरले. विद्यार्थी चळवळींतल्या सहभागामुळे नोकरीची दारं बंद होती. अखेर वालपाराइसो बंदरात शवविच्छेदनाचं काम मिळालं. गरिबांना नेमकं काय मारतं, हे त्यांनी तिथे स्वतःच्या हातांनी तपासलं. त्यांच्या राजकारणाचं मूळ पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा या शवविच्छेदनाच्या टेबलापाशी शोधायला हवं.

एकतिसाव्या वर्षी आरोग्यमंत्री झाले. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात क्षय, बालमृत्यू आणि गुप्तरोगांसोबत मजुरी, घरं आणि आहार यांचाही हिशेब आहे. औषधाआधी पोटभर अन्न हवं, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत टिकला. १९५२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली, त्यामागे सेनेटर आयेंदे यांचा मोठा वाटा होता.

अध्यक्षपदाच्या तीन निवडणुका हरले. १९७० मध्ये चौथ्या खेपेस सुमारे ३६.६ टक्के मतांवर आघाडी मिळाली आणि संसदेने निवडीवर शिक्कामोर्तब केलं. प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध ही त्यांची खास योजना. १९७१ मध्ये तांब्याच्या मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेही संसदेच्या एकमताने. पुढे महागाई, टंचाई, संप आणि विरोधकांना मिळणारा अमेरिकेचा पैसा.

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता बळकावली. ला मोनेदा या अध्यक्षीय प्रासादावर बॉम्ब पडले. आयेंदे यांनी आतच जीवन संपवलं. २०११ मध्ये अवशेषांच्या तपासणीत तेच निष्पन्न झालं. राष्ट्रीय आरोग्य सेवा पिनोशेच्या राजवटीने १९७९ मध्ये मोडीत काढली.