एल्फची किंमत

एल्फला लपलेले दरवाजे सापडतात, तलवार चालवता येते आणि मंत्रही टाकता येतात. मग माणूस व्हायचं कुणी? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ 1974 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हातून बाहेर पडला, तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला आहे.

पहिलं उत्तर होतं बंदी. एल्फ योद्धा म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या लेव्हलपर्यंतच जाणार, ड्वार्फ सहाव्याला थांबणार, माणसाला मात्र आडकाठी नाही. जग माणसांचंच राहावं, हे गायगॅक्सने 1979च्या मार्गदर्शिकेत उघडच मांडलं. पण यात फायदा पहिल्या दिवशी आणि वसुली कधीतरी पुढे. बऱ्याच मंडळींचा खेळ तिथवर पोचण्याआधीच मोडतो, म्हणजे एल्फ फुकटात सुटला. आणि पोचलाच, तर सोबती वाढत राहतात आणि हा आपला जागच्या जागी. उधारी बुडते किंवा सावकार घरात घुसतो, मधलं काही नाही.

माझ्या मते सगळ्यात चोख हिशोब 1981च्या ‘बेसिक’ संचात होता, आणि त्याचं कौतुक फारसं झालं नाही. तिथे एल्फ हाच एक पेशा. दुसऱ्या लेव्हलला योद्ध्याला 2,000 अनुभवगुण लागत, एल्फला 4,000. ऐकायला जबर. पण पुढची प्रत्येक लेव्हल जवळपास दुप्पट महाग होत जाते, त्यामुळे दुप्पट किंमत मोजणारा एल्फ योद्ध्याच्या मागे राहतो तो फक्त एका लेव्हलने. दहाव्या लेव्हलची मर्यादा इथेही होती, पण खरी वसुली रोज थोडी थोडी व्हायची.

1985 साली ‘अनअर्थ्ड आर्केना’ या पुस्तकाने ड्राऊ, म्हणजे पाताळातले काळे एल्फ, खेळाडूंच्या हाती दिले. जन्मजात जादू, दोन्ही हातांत शस्त्रं. बदल्यात काय, तर उन्हात त्यांची शक्ती घटते. आता ज्या खेळाच्या नावातच भुयार आहे, त्यात ऊन किती वेळा पडणार? 1988मध्ये आर. ए. साल्व्हातोरेच्या कादंबरीतून दोन तलवारींचा ड्रिझ्ट आला आणि मग ज्याला त्याला ड्राऊच व्हायचं होतं. लोक तुमचा द्वेष करतील, ही दुसरी शिक्षा सर्वस्वी खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या स्मरणशक्तीवर अवलंबून.

इतर खेळांनी या भानगडीकडे पाठच फिरवली. 1990च्या ‘रिफ्ट्स’मध्ये एकाच पुस्तकात ड्रॅगनचं पिल्लूही निवडता येई आणि फाटका भटक्याही, समतोल तुमचा तुम्ही बघा. त्याआधी 1987च्या ‘आर्स मॅजिका’ने जादूगार इतरांपेक्षा वरचढ आहेत हे कबूल करूनच टाकलं होतं. प्रत्येकाकडे एकाहून जास्त पात्रं, आणि जादूगार आळीपाळीने बाहेर पडायचे. ताकद समान नाही, पण तिची पाळी सगळ्यांना. मला हे अजूनही फार शहाणपणाचं वाटतं. गंमत अशी की याच खेळाचा एक कर्ता, जोनाथन ट्वीट, पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीचा प्रमुख रचनाकार झाला.

त्या आवृत्तीने 2000 साली लेव्हलची बंदी काढली. माणसाला जास्तीचं कसब देऊन वर आणलं. बलाढ्य वंशांसाठी हिशोब आला तो लेव्हलचाच: ड्राऊ म्हणजे दोन लेव्हल आधीच खर्ची. कागदावर रोख व्यवहार, पण सगळ्यांच्या खिशाला तो सारखा बसेना. सोबतचा जादूगार पाचव्या लेव्हलला अग्निगोळा फेकतो, तेव्हा ड्राऊ जादूगार मंत्रांच्या बाबतीत तिसरीतच. अंगात प्राणही तिसरीएवढेच. उलट अर्ध-ड्रॅगन योद्ध्याच्या तीन लेव्हल गेल्या, तरी त्याची ताकद आठने वाढायची; त्याला हा सौदा त्या मानाने सुसह्य. 2003च्या ‘सॅव्हेज स्पीशीज’ने राक्षसी वंशाचे तुकडे करून एकेक लेव्हलला एकेक शक्ती देण्याची वाट काढली. तशी ती जुनीच: ड्रॅगन व्हायचंय तर लहान पिल्लापासून सुरुवात करा, हे 1974च्या पुस्तिकेतही होतं.

2008च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकाच मापात बसवलं. ड्रॅगनबॉर्न, टीफलिंग मूळ पुस्तकातच आले, प्रत्येकाला सारख्या वजनाची एखादी शक्ती देऊन. भांडण संपलं आणि थोडी चवही गेली.

पाचव्या आवृत्तीत उणी लेव्हल नव्हती, पण उणिवा होत्या. 2015मध्ये पक्ष्यासारखे आराकोक्रा पहिल्याच लेव्हलला उडू लागले आणि खंदक, कडे, तटबंदी यांवर बेतलेली साहसं निकालात निघाली. 2016च्या युआन-टीवर विष चालेचना, वर मंत्रांविरुद्ध कवच. 2022मध्ये विषाची बाधा निम्मी का होईना, पुन्हा होऊ लागली. दरम्यान 2020 साली ‘टाशा’च्या पुस्तकाने वंशाचे गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली. 2024मध्ये ते गुण वंशातून पार निघून पात्राच्या पूर्वायुष्याकडे गेले.

त्याच 2024च्या पुस्तकात ड्रॅगनबॉर्नला पंख फुटतात, पण पाचव्या लेव्हलला, आणि तेही एका मोठ्या विश्रांतीमागे एकदाच, दहा मिनिटांपुरते. तोवर बाकीच्यांच्या हातीही उडण्याचा मंत्र आलेला असतो.