नथीतला लाल खडा आणि सरहद्दीवरचा बाजार

मैत्रिणींनो, तुमच्या नथीतला तो लाल खडा कधी निरखून पाहिला आहे का? सणासुदीला नथ बाहेर निघते, घाईघाईत नाकात चढते आणि रात्री परत डबीत जाते. मोती किती पाणीदार आहेत ते आपण कौतुकाने सांगतो. पण मधल्या लाल खड्याबद्दल कुणी विचारले, तर "माणिक आहे, सासूबाईंचं आहे" ह्यापलीकडे आपल्याजवळ उत्तर नसते. माझ्याजवळही नव्हते. ते मिळायला मला थेट ब्रह्मदेशाच्या सरहद्दीपर्यंत जावे लागले, आणि तिथे चांगली ठेच लागल्यावरच शहाणपण आले. तीच ठेच तुम्हांला लागू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे हे निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरात, आम्ही थायलंडला गेलो होतो. लेकीचे लग्न ठरत आलेले. तिच्यासाठी माणकाची अंगठी करायची, असे माझ्या मनात फार दिवस होते आणि त्यासाठी भिशीचे वीस हजार बाजूला ठेवले होते. ह्यांचे एक स्नेही म्हणाले, "वहिनी, बँकॉकमध्ये खडे घेऊ नका. तिथे रिक्षावाला सांगतो, आज सरकारी सेल आहे, उद्या बंद. प्रवासी हमखास फसतात. माणकांचा खरा बाजार बघायचा तर माए सोतला जा."

माए सोत हे ब्रह्मदेशाला (आताचा म्यानमार) अगदी खेटून असलेले गाव. बँकॉकहून रात्रभराचा बसचा प्रवास. वाटेत ताक नावाचे शहर लागते. (हो, ताकच! ह्यांनी तिथे ताकावरून एक विनोद केलाच.) तिथून पुढे ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर घाटातला रस्ता. गावाच्या पश्चिमेला पाचसहा किलोमीटरवर मोएई नदी, आणि नदीपलीकडे ब्रह्मदेशातले म्यावाडी. नदीवर १९९७ साली मैत्रीपूल झाला. पण उन्हाळ्यात पाणी इतके कमी होते, की माणसे नदी चालतच ओलांडतात.

पुड्यांचा बाजार

नदीकाठी एक बाजार आहे. तिथे सुकी मासळी, लाकडी वस्तू, जेडच्या मूर्ती असे सगळे एकत्र मांडलेले. पण रत्नांचा व्यापार चालतो तो गावातल्या रस्त्यावर. सराफकट्टा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटे, गादी, तराजू येतात. इथे तसे काही नाही. फुटपाथवर लहान लहान टेबले, वर पांढरा कागद, त्यावर खड्यांचे ढीग. आपण पंगतीत कोशिंबीर वाढावी तसे चमच्याने ढीग सारखे करतात! चांगला माल मात्र टेबलावर नसतो. तो कागदाच्या पुडीत, आणि पुडी खिशात. गिऱ्हाईक जरा थांबलेले दिसले की दोघेतिघे भोवती येतात, पुडी उलगडतात, चिमट्याने खडा उचलून तळहातावर ठेवतात. भाव तोंडाने बोलत नाहीत. कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवतात, आपण दुसरा आकडा दाबायचा. भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही.

ब्रह्मी बायकांच्या गालांवर पिवळसर लेप असतो. त्याला तनाका म्हणतात. झाडाची साल दगडी सहाणेवर पाणी घालून उगाळायची, अगदी आपण चंदन उगाळतो तशी. व्यापाऱ्यांत मूळच्या हिंदुस्थानी घराण्यांतले मुसलमानही दिसतात. एकाने आम्हांला पाहून मोडक्यातोडक्या हिंदीत हाक मारली, "आइए बहनजी, असली बर्मा." परमुलखात आपली भाषा ऐकली की मन कसे विरघळते, ठाऊक आहे ना? मी त्याच्या टेबलाशी बसले ती बसलेच.

त्याने पुडीतून सव्वादोन कॅरटचे एक माणिक काढले. डाळिंबाच्या दाण्यासारखे लालभडक, मोठे, स्वच्छ. मागितले पस्तीस हजार आणि घासाघीस करून दिले अठराला. मला स्वर्ग दोन बोटे उरला. अठरा हजारांत एवढे स्वच्छ बर्मा माणिक कसे मिळेल, हा प्रश्न मनात आलाच नाही. भाजीवालीशी आठ आण्यांसाठी हुज्जत घालणारी मी, पण तिथे अक्कल गहाण पडली.

लाल ते सगळे माणिक नव्हे

पुढे काय झाले ते सांगण्याआधी, मला मागाहून कळलेली माहिती सांगते.

ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खोऱ्यातली माणके शेकडो वर्षांपासून नावाजलेली. पण तिथेच माणकाच्या जोडीने आणखी एक लाल रत्न निघते, ते म्हणजे लालडी, इंग्रजीत स्पिनेल. दोन्हींत जुने जाणकारही फसत. इंग्लंडच्या राजमुकुटातले 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' हे प्रत्यक्षात लालडीच आहे. मग आपली काय कथा!

दुसरा प्रकार भाजलेल्या माणकाचा. खडा भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवला की त्यातली काळसर, निळसर झाक जाते आणि लाली खुलते. थायलंडमधले चांथाबुरी गाव ह्या कामात वाकबगार. १९९० नंतर ब्रह्मदेशातच मोंग सू येथे सापडलेली माणके तर मध्ये काळपट असत. भाजल्याशिवाय ती विकण्याजोगी होतच नसत. भाजणे ही फसवणूक नव्हे. रंग कायम टिकतो, व्यापारात ते मान्य आहे. मात्र न भाजलेल्या माणकाची किंमत कितीतरी जास्त, म्हणून विकणाऱ्याने ते सांगितले पाहिजे.

तिसरा प्रकार घातक. साधारण २००४ पासून बाजारात आलेला. भेगाळलेले, जवळजवळ टाकाऊ माणिक घ्यायचे आणि भेगांत शिसे असलेली काच वितळवून भरायची. खडा एकदम स्वच्छ आणि मोठा दिसतो. माणिक खरेच, पण त्यात काच किती, ह्याला धरबंध नाही.

आणि चौथे, कारखान्यातले. १९०२ साली व्हर्नय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीवर भुकटी वितळवून माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. तेव्हापासून असे खडे जगभर पसरले. त्यामुळे "आजीच्या काळचं आहे, म्हणजे अस्सलच" हे म्हणणे खरे नाही. आजीच्या काळीही कारखाना होताच!

ठेच

तर आमची अंगठी झाली. लेकीच्या बोटात शोभलीही. वर्षाने सोने मळले म्हणून तिने ती उजळायला दिली. नेहमीप्रमाणे दागिना तापवला गेला, तेजाबात बुडवला गेला. बाहेर काढला तेव्हा माणकावर पांढऱ्या रेषांचे जाळे. जणू तडकलेली बशी. भेगांतली काच तेजाबाने खाल्ली होती. लेक रडकुंडीला आली. तिच्या सासूबाई चांगल्या, काही बोलल्या नाहीत. पण "माहेरचा खडा" असा एक शब्द घरात कुणीतरी काढलाच. अठरा हजारांपेक्षा तो शब्द मला जास्त लागला.

दोष कोणाचा? उजळणाऱ्याला खड्याबद्दल कुणी सांगितले नव्हते. सांगणार कोण? मलाच माहीत नव्हते. घेताना एक कागद मागितला असता, तर हे टळले असते.

त्याच बाजारात एका म्हाताऱ्या ब्रह्मी बाईकडून मी निघता निघता अर्ध्या कॅरटचा गुलाबीसर लाल खडा घेतला होता, उरलेल्या पैशांत. मी "रुबी, रुबी" म्हणत होते आणि ती मान हलवून "नो रुबी, स्पिनेल" असे पुन्हा पुन्हा सांगत होती. तेव्हा मला तो दुय्यम वाटला. अंगठीच्या प्रकरणानंतर मुंबईला रत्नपरीक्षेसाठी दिला. अहवाल आला: नैसर्गिक लालडी, कोणतीही प्रक्रिया नाही.

घेताना, वापरताना

कुणी ग्रहासाठी माणिक घालते, कुणी हौसेसाठी. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण पैसे मोजायचे तर एवढे लक्षात ठेवाच:

१. साडी आपण दुकानाच्या दारात नेऊन उजेडात बघतो ना? खडाही तसाच बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कुठलेही माणिक लालबुंद दिसते.

२. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवा. खडा हलवताना आत निळसर चमक किंवा बुडबुडे दिसले, तर काच भरल्याची शंका घ्या. वाटोळ्या वळणाच्या रेषा दिसल्या, तर कारखान्याची. खड्यात काहीच दोष नाही आणि भावही कमी, असे असेल तर सावध व्हा.

३. वजन कॅरटमध्ये विचारा. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्तीचे माप सगळीकडे सारखे धरत नाहीत.

४. मोठी रक्कम असेल तर ओळखीच्या सराफाकडूनही अहवालाशिवाय घेऊ नका. अहवालात तीन गोष्टी बघा: खडा नैसर्गिक आहे का, तापवलेला आहे का, आणि त्यात काही भरले आहे का. विकणाऱ्याने दिलेल्या छापील 'हमीपत्रा'ला अहवाल समजू नका.

५. उजळायला देताना खडा कोणता ते सांगा, आणि शंका असल्यास तो आधी काढून घ्या. काच भरलेल्या माणकाला तेजाब, ज्योत, इतकेच काय लिंबाचा रसही चालत नाही. नथ लिंबाने कधीच घासू नका, मोतीही जातात. ओलसर मऊ फडक्याने पुसली की पुरे.

६. परदेशच्या रस्त्यावर खडा घ्यायचाच असेल, तर हरवला तरी हळहळ वाटणार नाही एवढ्याच पैशांचा घ्या.

हिरव्या बांगड्या

माए सोतला माणकांपेक्षाही जास्त दिसते ते जेड. ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडे फाकांत येथे ते निघते. अखंड दगडातून कोरलेल्या हिरव्या बांगड्या बघून मला आपला चुडा आठवला. चिनी बायकांत अशी समजूत आहे, की जेडची बांगडी तुटली तर तिने अंगावरचे संकट स्वतःवर घेतले. आपणही बांगडी 'फुटली' म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो. मन बायकांचे सगळीकडे सारखेच! पण जेडमध्येही फसवणूक आहे. ए, बी आणि सी अशा प्रती मानतात. ए म्हणजे नैसर्गिक, बी म्हणजे तेजाबाने धुऊन आत राळेसारखा पदार्थ भरलेला, आणि सी म्हणजे रंग दिलेला. ह्या बांगडीला कासाराची युक्ती चालत नाही, माप चुकले तर चढतच नाही. आपली दोन-चारची बांगडी म्हणजे आतून सुमारे ५७ मिलिमीटर, दोन-सहाची ६०.

त्या हिरवेपणामागे काय आहे, तेही जाणून असावे. जुलै २०२० मध्ये फाकांतला खाणीतल्या मातीचा डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. टाकून दिलेल्या मातीत एखादा तुकडा मिळेल म्हणून शोधणारी गरीब माणसे ती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. एप्रिल २०२४ मध्ये म्यावाडीत लढाई झाली, तेव्हा लोक पूल ओलांडून माए सोतला पळून आले. म्हणून आता तिकडे जायचे झाल्यास आधी परिस्थितीची चौकशी करा, आणि नदीपलीकडे जाण्याचा मोह नकोच.

आणखी एक, आईच्या नात्याने सांगते. पलीकडच्या काठावर फोनवरून लोकांना लुबाडण्याचे अड्डे उभे राहिले. नोकरीच्या आमिषाने तिथे अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी माए सोतहून परत आणले. तुमच्या मुलाला थायलंडात घसघशीत पगाराची नोकरी कुणी फोनवरच देऊ केली, तर खड्यापेक्षा दसपट पारखून घ्या.

परत आल्यावर आम्ही रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा ह्याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. माणकांच्या खाणींचा हा मालक, पण जवळची रत्ने विकून खर्च भागवण्याची पाळी त्याच्यावर आली. त्याची नात टूटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, साध्या गरीब घरात संसार करत. तिथे उभी असताना माझ्या अठरा हजारांचे दुःख मला थोडे लहान वाटले.

आता नथीबद्दल. तीही मी तपासून घेतली. भिंगाखाली वाटोळ्या रेषा स्पष्ट दिसल्या. म्हणजे सासूबाईंचे माणिक कारखान्यातले. घरी आल्यावर मी नथ डबीत ठेवली, परत काढली, परत बघितली. त्यांनी ती माझ्या हातात दिली तो दिवस काही खोटा झाला नाही. मायेला अहवाल लागत नाही बायांनो, तो लागतो पैशाला.

लेकीच्या बोटात आता ती छोटी लालडी आहे. रोजच्या वापरात, भांडी घासतानासुद्धा. कुणी विचारले तर ती सरळ सांगते, "माणिक नाही हो, लालडी आहे. आईने आणलीय."